बाणाचं बटण दाबलं की पत्ता बिघडतो, तो पोरांच्या चुकीने नाही

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हिशोबाला नवीन पोरगा आला की मी त्याला पहिलं एक्सेलमध्ये रेंजला, म्हणजे एका सेलला किंवा सेलच्या गटाला, नाव द्यायला शिकवतो. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदावर, हमाली, वाराई, मोटारभाडं वजा होतं. फॉर्म्युल्यात नुसतं डॉलर-बी-डॉलर-२ दिसण्यापेक्षा 'हमाली_दर' दिसलं तर हिशोब कोणालाही तपासता येतो.

पण बहुतेक पोरं महिन्याभरात नावं वापरणं सोडून देतात. कारण असं : कंट्रोल-एफ३ दाबून नावांची यादी उघडायची, खाली 'रेफर्स टू'च्या चौकटीत पत्ता असतो, त्यातला एखादा आकडा बदलायचा म्हणून डावा बाण दाबायचा. कर्सर सरकत नाही, उलट पत्त्याच्या मधोमध भलत्याच सेलचा पत्ता घुसतो. एक्सेलला वाटतं तुम्ही शीटवरची सेल निवडताय. पोरगा घाबरून एस्केप मारतो आणि परत तिकडे फिरकत नाही.

उपाय एका बटणाचा आहे. आधी एफ२ दाबा. एक्सेलच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात 'एंटर'च्या जागी 'एडिट' दिसलं की बाण नीट चालतात. लॅपटॉपवर बहुधा एफएन धरून एफ२ दाबावं लागतं. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या (अटीप्रमाणे सेलला रंग देण्याच्या) चौकटीतही हाच प्रकार. ठाण्यापासून पनवेलपर्यंत गल्लोगल्ली क्लासेस आहेत, तिथून आलेल्या पोरांना व्हीलूकअपचा फॉर्म्युला पाठ असतो आणि एफ२ माहीत नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा घोळ नाव देतानाच होतो. नेम बॉक्समध्ये, म्हणजे शीटच्या वर डावीकडे सेलचा पत्ता दिसतो त्या चौकटीत, इंग्रजीत 'दर२५' म्हणजे डी-ए-आर-२५ टाइप करून एंटर मारलं की नाव पडतच नाही, तुम्ही थेट डीएआर कॉलमच्या २५व्या ओळीत जाऊन पडता. एक्सेल २००७ पासून कॉलम २५६ वरून १६,३८४ झाले, त्यामुळे तीन अक्षरं आणि आकडा असलेली असंख्य नावं आता सेलचे पत्तेच आहेत. कंट्रोल-होमने परत या आणि मधे अंडरस्कोर घाला.

सगळ्यात वाईट मात्र डॉलर, म्हणजे पत्ता जागेवर पक्का करणारं चिन्ह, विसरणं. हाताने पत्ता लिहिताना एफ४ दाबून डॉलर लावले नाहीत तर ते नाव प्रत्येक ओळीत वेगळ्या सेलकडे बोट दाखवतं. तिथे आकडा असला तर एररही येत नाही, नुसती चुकीची रक्कम पट्टीवर छापली जाते. आणि ती पट्टी घेऊन माणूस जुन्नरला परत गेलेला असतो.