शून्य आणि गाय

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पायी चढताना, गणेश दरवाजा मागे पडला की एका अखंड कातळात कोरलेलं इवलंसं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात शून्य आहे, अगदी आपण काढतो तसंच गोल. देवाची बाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, रोज ५० हार. त्यातल्या २७० आणि ५० मधली ती शून्यं. ती बघायला परदेशातून गणिती येतात. आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागातले लोक शेजारून धापा टाकत मानमंदिर राजवाडा बघायला वर जातो.

या शून्यावर व्हिडिओ करायचं मी मनावर घेतलं आणि तीन महिने घातले. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना, चार वेळा किल्ला चढलो. संहिता अकरा वेळा लिहिली. आवाज मुद्रित करायचा तर गल्लीत वरातीचा डीजे, घरात कुकर. म्हणून कूलर बंद करून डोक्यावर रजई घेऊन बोललो. एकाने नंतर कळवलं, ‘निवेदन फार गंभीर आहे.’ गंभीर कसलं, गुदमरलेलं होतं ते.

१४ मिनिटं २० सेकंदांचा व्हिडिओ. आठवड्याभरात ४३ व्ह्यूज, त्यातले निम्मे आमच्याच घरातले. शून्यावरून कोट्या करू नका अशी ऑफिसात विनंती केली. सगळ्यांनी केल्या.

आमच्या जनकगंजातल्या घरी रोज सकाळी एक गाय दाराशी येते. पहिली पोळी तिची. त्या दिवशी आत्याने कालची पोळी पुढे केली, तर गायीने मान फिरवली. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काल तर मुकाट खाल्लीस नं? आज नखरे कुणाला दिखवतेस? तूप नाही लावलं म्हणून?” गाय पुन्हा मान वळवून दुसरीकडे. पुतण्याने हे २२ सेकंद मोबाइलवर टिपलं. कोपऱ्यात त्याचं बोट आलंय, मागे मोरी दिसतेय. माझ्याच चॅनेलवर टाकलं, मला न विचारता.

तीन लाख.

“काका, तुमच्यात हुक नाही,” पुतण्या म्हणाला. “पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी व्हायला पाहिजे.” माझ्या पहिल्या तीन सेकंदांत नमस्कार होतो.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा. त्यात एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून सांगतो, की यांची सोंड फार लांब असते. एवढंच. पुढे २०१२ पासून यूट्यूब नुसत्या व्ह्यूजपेक्षा लोक किती वेळ बघतात याला जास्त वजन देऊ लागलं. बघणाऱ्याचा वेळ मोजतात. करणाऱ्याचा घाम मोजायचा रकाना त्यांच्याकडे नाहीच.

गायीमुळे दोन हजार सबस्क्रायबर आले. मी हुरळलो आणि शून्याचा दुसरा भाग टाकला. यूट्यूबने तो इमानदारीत या गोप्रेमींना दाखवला. आठव्या सेकंदाला सगळे पळाले. आलेख किल्ल्याच्या कड्यासारखा सरळ खाली. हे लोक थांबत नाहीत म्हटल्यावर यूट्यूबने तो इतरांना दाखवणंही सोडलं. एकच कमेंट आली: ‘गाय कुठे आहे?’

मग मागच्या महिन्यात नवल झालं. पहिल्या भागाच्या आलेखात रोज दुपारी एक बारीक रेघ शेवटापर्यंत सरळ जाऊ लागली. कुणीतरी १४ मिनिटं २० सेकंद पूर्ण बघत होतं, आणि रोज! कुणी अभ्यासक असावा. मी घरात सगळ्यांना तो आलेख दाखवला.

“अरे बंड्या, ती मी,” आत्या म्हणाली. “जेवण झालं की लावते. तू ते हातबीत मोजायला लागलास की इतकी छान झोप लागते, काय सांगू! फक्त जरा लांब कर बाबा. संपला की मधेच जाग येते.”