आत्तीची गोळी आणि अकरा जणांना पाठवायचा मेसेज

रविवारी दुपारी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून आत्तीचा फोन आला. "डोकं गरगरतंय रे. उठलं की भिंत धरावी लागतीया." साखर विचारली, बीपी विचारलं, जेवलीस का विचारलं. सगळं ठीक. मग जाता जाता म्हणाली, "चार दिवस झाले, ती मनाची गोळी घेतलो न्हाई मी. त्या मेसेजात लिहिलंय बघ, सवय लागते म्हणून."

मेसेज तिच्या नणंदबाईंनी धाडलेला. त्यांना तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर मिळालेला. रात्रीपर्यंत मला तोच आणखी तीन ग्रुपवर दिसला. वर 'मनोरोगांच्या मालिकांपासून सावधान', खाली चार मुद्दे, जोडलेले हात आणि 'अकरा जणांना पाठवा'. सार असं: डिप्रेशन आपल्याकडे नव्हतंच, ते नेटफ्लिक्सच्या मालिकांनी आणलं. अशा मालिका बघून धडधाकट माणूस आजारी पडतो. या मालिका म्हणजे गोळ्यांची जाहिरात आणि त्या गोळ्या म्हणजे नशा, घरात कोणी घेत असेल तर आजच बंद करा. आणि गोळ्यांनी भागलं नाही की शॉक देऊन माणसाला कायमचं वेडं करतात.

मी डॉक्टर नाही. राजारामपुरीत चौदा वर्षं मेडिकल चालवतो. म्हणून तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण आत्ती भिंत धरून चालत होती ती त्याच्यामुळे.

यजमान गेल्यापासून आत्ती खात नव्हती, झोपत नव्हती. डॉक्टरांनी तिला नैराश्यावरची जी गोळी दिली ती एसएसआरआय नावाच्या औषधांच्या गटातली. या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. पहिले काही दिवस तर मळमळच होते आणि लोक माझ्याकडे येऊन भांडतात, "तुमच्या गोळीनं काय फरक न्हाई." आता जी वस्तू चढायला तीन आठवडे लागतात ती नशा कसली लगा? तिची तलफ येत नाही, रोज मात्रा वाढवावीशी वाटत नाही.

मग आत्तीला चक्कर का आली? शरीर त्या औषधाला सरावलेलं असतं. एकदम बंद केलं की चक्कर, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असं काय काय होतं. म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करत आणतात, आणि बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायला सांगतात. मेसेजवाल्याचं ऐकून गोळी बंद करायची, त्रास व्हायला लागला की 'बघा, सवय लागली होती' म्हणायचं. आपणच ढकलायचं आणि आपणच 'पडलीस का' विचारायचं.

आता यातलं खरं तेवढं कबूल करतो, जिवावर येतं तरी. सवय लागणाऱ्या गोळ्या असतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर लागतात. चिठ्ठी नसताना 'ती छोटी झोपेची द्या की' म्हणणारे रोज दोन-तीन तरी येतात आणि शिव्या देत जातात. पण गंमत बघा. यांच्याबाबत मेसेज अर्धा खरा आहे, आणि 'आजच बंद करा' हा सल्ला सगळ्यात जास्त घातक आहे तोही यांच्याच बाबतीत. बरेच दिवस घेतलेली अशी गोळी फटकन सोडली तर फिट येऊ शकते. काही गोळ्या फिटच्या आजाराला आणि मनाच्या आजाराला दोन्हीकडे चालतात. अशा घरात हा मेसेज पोचला तर काय होईल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसेल.

आणि जाहिरात म्हणे! माझी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते, तिच्या नादानं मी 'होमलँड' ही अमेरिकन मालिका बघितली. २०११ ची. नायिका गुप्तहेर, तिला बायपोलर आजार, म्हणजे मन कधी अति उसळतं, कधी पार खचतं. ती आपल्या गोळ्या ॲस्पिरिनच्या बाटलीत लपवून ठेवते, कचेरीत कळलं तर नोकरी जाईल म्हणून. ते बघताना मला माझं काउंटर आठवलं. "कागदात गुंडाळून द्या", "बिलावर नाव घालू नका", "शेजारचा पोरगा उभा आहे, तो जाऊ दे मग द्या." कुठं अमेरिका आणि कुठं राजारामपुरी, लपवायची तऱ्हा एकच. याला जाहिरात म्हणणाऱ्यानं ती मालिका बघितलेली नाही, एवढं नक्की.

शॉकचंही तिथंच उरकतो. त्याच मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी ती नायिका शॉक घेते, पण भूल देऊन. आपल्या जुन्या सिनेमांत हातपाय बांधून, किंकाळ्या मारायला लावून दाखवायचे तसं नाही. आपल्याकडेही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देताच येत नाही. कलम ९५. रुग्णाला साखळीनं बांधायलाही त्याच कलमानं बंदी आहे. ती बंदी कशाला हवी असं वाटणाऱ्यांनी तमिळनाडूतलं एरवाडी आठवावं. ऑगस्ट २००१ मध्ये तिथं आग लागली, आणि साखळदंडात बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यानं जळून मेले. त्यांना तिथं शॉक द्यायला नव्हे, देवाच्या नावानं बरं करायला ठेवलं होतं.

पहिला मुद्दा, 'आपल्याकडे नव्हतंच'. नव्हतं तर 'हाय खाल्ली' हा शब्द कुठून आला? 'झुरून गेला', 'मनाला लावून घेतलं', 'डोक्यावर परिणाम झाला', हे काय नेटफ्लिक्सनं शिकवलं? चरकसंहितेत उन्मादावर वेगळे अध्याय आहेत, आणि हाच मेसेज शेवटी आयुर्वेदाचा जयजयकार करतो. रत्नागिरीचं मनोरुग्णालय ब्रिटिशांच्या काळातलं, मुंबई दूरदर्शन १९७२ चं. 'रत्नागिरीला न्या रे याला' ही थट्टा आमच्या आजोबांच्या पिढीपासून आहे.

आकडाच पाहिजे असेल तर बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण आहे. महाराष्ट्र त्यात नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी तेच धरून बसेल. अठरा वर्षांवरच्या साधारण १०.६ टक्के लोकांना तेव्हा कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे दहात एक. आणि नेटफ्लिक्स भारतात सुरू झालं जानेवारी २०१६ मध्ये. सर्वेक्षण चालू असताना! तेवढ्यात झारखंड आणि आसामच्या खेड्यांतली माणसं मालिका बघून आजारी पडली म्हणायची का? त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. आत्ती उरलेल्या थोडक्यांतली होती, आणि तिला त्यातून बाहेर काढायला एक फॉरवर्ड पुरला.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. '१३ रीझन्स व्हाय' ही मालिका मार्च २०१७ च्या शेवटी आली. त्यात एका शाळकरी मुलीची आत्महत्या तपशिलात दाखवली होती. लगेचच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत १० ते १७ वयातल्या मुलांच्या आत्महत्या जवळजवळ २९ टक्क्यांनी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. त्या आकड्याचा संबंध मालिकेशीच लावायचा का, यावर पुढं संशोधकांत वाद झाला, पण २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं तो प्रसंग काढून टाकला. तेव्हा काय दाखवायचं, कसं दाखवायचं याला महत्त्व आहेच. पोरं एकटी बसून काय बघतात तिकडं लक्ष ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण आत्ती बघते संध्याकाळच्या मराठी मालिका. तिथं खलनायिका हरली की केस मोकळे सोडून हसत सुटते, आणि गेलेली स्मृती डोक्यावर फुलदाणी पडली की परत येते. त्यावर कोणी सावधानतेचा मेसेज काढला तर मी स्वतः अकरा जणांना पाठवीन.

सोमवारी आत्तीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. गोळी परत सुरू झाली, रंकाळ्यावरचं फिरणंही चालू ठेवायला सांगितलंय, दोन्ही. बोलायला कोणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तो तिच्या फ्रिजवर चिकटवून आलो. हे सगळं लिहून नणंदबाईंनाही पाठवलंय. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही, पण काल त्यांनी दुसरा मेसेज पाठवला, कांद्याच्या रसानं साखर जाते म्हणून.