पंधरा हजार, फक्त

आरशासमोर उभं राहून लग्नाच्या फोटोंचे 'पंधरा हजार' म्हणायचा सराव मी दोन महिने केला. आरशानं कधी घासाघीस केली नाही. माणूस समोर आला की मात्र तोच आकडा तोंडातून 'बघा की, तुम्हाला जमेल तसं' होऊन बाहेर पडायचा.

दोष आमच्या बेळगावातल्या शहापूरचा. इथं गिऱ्हाईक म्हणून येणारा प्रत्येक जण कुठल्या तरी गल्लीतून नात्यात निघतो. आत्याच्या नातवाच्या बारशाला मी चारशे फोटो काढले. पैशाचं नाव काढलं तर म्हणाली, "घरातलंच कार्य न्हवं काय रे? तुझा हात बसंल की!" हात बसला. हातात अर्धा किलो कुंदाही बसला, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई. माझ्या पहिल्या सहा ऑर्डरींची कमाई वजनकाट्यावर मोजता येते.

त्यात कौतुकाची तऱ्हा. "फोटो झकास आलेत, खरं मी जाड दिसालोय." आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. त्यामुळे कौतुकाच्या शेपटीला 'खरं' लागलं की फोटोग्राफरनं बॅग आवरायला घ्यावी.

आत्मविश्वास यावा म्हणून मी किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, जाऊन बसायचो. १२०४ सालची ही बस्ती पापण्या मिटत नाही, 'मोबाईलवर पण असंच येतंय' म्हणत नाही. छतातलं दगडी कमळ टिपायला आत उजेड कमी, म्हणून शटरचा वेग १/१५ सेकंदावर आणायचा आणि श्वास रोखून खांबाला टेकायचं. कमळ सुरेख यायचं. पैसे तेही देत नसे, पण निदान मागच्या आठवड्यातल्या फोटोत पोट कमी करून मागत नसे.

मग एका दुपारी अनोळखी नंबर आला. अनोळखी नंबरला बेळगावात सावधपणानं कन्नडातच तोंड उघडायचं असतं.

"हेळ्री," मी म्हणालो.

पलीकडे जरा शांतता. मग, "मदुवे… फोटो… एष्ट्?"

लग्नाचे फोटो, किती? इतकं कळलं.

"हदिनैदु साविर."

पंधरा हजार! आयुष्यात पहिल्यांदा आकडा सरळ बाहेर पडला आणि तिथंच उभा राहिला. त्याच्यामागून धावणारी 'म्हणजे तसं काही नाही, आपलीच माणसं' ही वाक्यं मला कन्नडात येतच नव्हती. बाजारहाटापुरतं माझं कन्नड, 'हेळ्री' म्हणजे 'बोला' ते 'गोत्तिल्ल' म्हणजे 'ठाऊक नाही' एवढंच, त्यात लाजायला शब्दच नाहीत. मी गप्प बसलो. पलीकडचाही गप्प. मग खोल आवाजात "आतरी", म्हणजे 'ठीक आहे', आलं, आणि संध्याकाळपर्यंत साडेसात हजार ॲडव्हान्सही.

लग्नाच्या दिवशी मी जरा ऐटीतच होतो. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकच, परत मागून मिळत नाही. नेमका तेव्हा नवरीच्या मामाचा हात मोबाईलसकट माझ्या लेन्सपुढं आला. एरवी मी "जरा बाजूला होता का, प्लीज" असं पुटपुटत तो क्षण घालवला असता. त्या दिवशी पंधरा हजारांचा माणूस होतो, मामांना दंडाला धरून बाजूला केलं. ते आश्चर्यानं बघतच राहिले, आणि तोही फोटो चांगला आला.

जेवणाच्या पंगतीत फोन करणारे गृहस्थ भेटले. वाढप्याला खणखणीत मराठीत सांगत होते, "भात अजून घाल की गा!" चंदगडचे निघाले. माझं 'हेळ्री' ऐकून त्यांना मी कन्नडिग वाटलो होतो.

"अहो, त्या दिवशी लई कमी करून घेणार होतो," ते म्हणाले. "खरं कन्नडात कसं म्हणायचं ते सुचंना."

मग पान चघळत जवळ सरकले. खांद्यावर हात ठेवला. "आता आपलीच माणसं म्हटल्यावर, राहिलेल्या साडेसातात काय तरी बघा की!"

मी कॅमेऱ्याची टोपी लावली, बॅगेची चेन ओढली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "मराठी गोत्तिल्ल."