‘वेगवान असेल तर सीट मिळतेच’ म्हणणाऱ्यांना उत्तर

फॉर्म्युला वनच्या मधल्या फळीतल्या (जिंकणाऱ्या टीमांच्या खालच्या टीमांतल्या) ड्रायव्हरांवर लिहिलेल्या माझ्या लेखावर ‘ट्रॅकवाला’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: लेख म्हणजे हरलेल्यांचं रडगाणं आहे. ड्रायव्हर खरंच वेगवान असेल तर मोठी टीम त्याच्या दारात येते, स्टॉपवॉच खोटं बोलत नाही. हुल्केनबर्गने पोडियमच्या, म्हणजे पहिल्या तिघांत येण्याच्या, संधी स्वतःच्या हाताने घालवल्या. साइन्झ क्वालिफायिंगमध्ये (रेसच्या सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या सत्रात) फेरारीतल्या टीममेटच्या, लक्लेरच्या, मागेच राहिला. पैसे आणून सीट घेणाऱ्यांबद्दल मी पुरेसं लिहिलं नाही. ल मां या 24 तासांच्या रेसबद्दल एक चूक केली. आणि शेवटची ओळ, ‘नागपुरात कूलरसमोर बसून फेरारीला शिकवू नका.’

आधी चूक. ती माझीच. 2015 चं ल मां हुल्केनबर्गने पोर्शेच्या गाडीतून जिंकलं, मी ऑडी लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे. आभार.

आता कूलर. भाऊ, मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देता आलं असतं, गाव काढायची गरज नव्हती. एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संस्था प्रत्येक रेसनंतर प्रत्येक गाडीच्या प्रत्येक लॅपची वेळ, तिन्ही सेक्टर (ट्रॅकचे तीन भाग), पिट स्टॉप, टॉप स्पीड, सगळं पीडीएफ करून फुकट टाकते. ती फाईल फेरारीच्या मारानेलोत उघडा नाहीतर धरमपेठेत, आकडे तेच दिसतात. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन टीमच्या गाडीत बसला तेव्हापासून मी हे आकडे वाचतो आहे आणि टीममेटच्या आकड्यांशेजारी मांडून पाहतो आहे. त्यामुळे ‘टीव्हीवर दिसतं तेवढंच कळतं’ हा सूर माझ्याशी लावू नका.

‘स्टॉपवॉच खोटं बोलत नाही’ हे तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य दिसतंय, दोनदा लिहिलंत. तेच घेऊ. स्टॉपवॉच खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलं तेवढंच ते सांगतं. ते गाडी, टायर, इंधन, ट्रॅक आणि माणूस या सगळ्यांची मिळून एक वेळ दाखवतं. त्यातून माणूस वेगळा काढणं हेच खरं काम आहे.

इंधनापासून सुरू करू. गाडीत 10 किलो जास्त असेल तर बहुतेक ट्रॅकवर लॅपमागे साधारण 0.3 सेकंद जातो. 2025 पर्यंतच्या नियमात रेससाठी जास्तीत जास्त 110 किलो इंधन चालायचं. म्हणजे पहिल्या लॅपची आणि शेवटच्या लॅपची गाडी यांच्यात निव्वळ वजनापोटी तीन सेकंदांच्या आसपास फरक. शुक्रवारच्या सरावात कोण किती इंधन घालून फिरतंय हे बाहेरच्या कुणालाच माहीत नसतं. तरी शुक्रवारचा तक्ता बघून ‘अमका चौदावा आला, संपला’ म्हणणारे दर आठवड्याला भेटतात.

मग टायर. 2025 पर्यंत साध्या वीकेंडला प्रत्येक ड्रायव्हरला कोरड्या ट्रॅकसाठी 13 सेट मिळायचे: 8 सॉफ्ट, 3 मीडियम, 2 हार्ड. त्यातला एक सॉफ्ट क्यू-3 साठी, म्हणजे क्वालिफायिंगच्या तिसऱ्या आणि शेवटच्या टप्प्यासाठी, राखीव. सरावानंतर ठरावीक सेट परत द्यायचे. क्वालिफायिंगला 20 गाड्या, क्यू-1 मध्ये पाच बाहेर, क्यू-2 मध्ये पाच बाहेर. मोठ्या टीमचा ड्रायव्हर क्यू-1 मधून बरेचदा एकाच नव्या सेटवर पार होतो. मधल्या फळीतल्याला ती चैन नसते. शेवटच्या दोन मिनिटांत ट्रॅकवर रबर चढतं, सगळ्यांच्या वेळा खाली येतात, म्हणून त्याला दुसरा नवा सेट काढावाच लागतो. क्यू-2 मध्ये परत तेच. तो क्यू-3 ला पोचतो तेव्हा हातात बहुधा एकच नवा सेट उरतो, म्हणजे एकच खरा प्रयत्न. एका वळणावर ब्रेक पाच मीटर उशिरा लागला की झालं, दहावा. सोमवारी तुम्ही लिहिणार, ‘दहावा आला, काय टॅलेंट?’ तुमच्या स्टॉपवॉचवर सेट किती उरले होते ते लिहिलेलं असतं का?

आणि गाडी. मेलबर्न, मार्च 2024. पहिल्याच सराव सत्रात अल्बॉनने विल्यम्सची गाडी भिंतीवर घातली. चेसिस (गाडीचा मुख्य सांगाडा) तिथे दुरुस्त होण्यासारखी नव्हती आणि विल्यम्सकडे तिसरी, सुटी चेसिस नव्हतीच. टीमने काय केलं? त्याचा टीममेट सार्जंट, त्याची धड गाडी काढून अल्बॉनला दिली. ज्याने काहीच ठोकलं नव्हतं तो सार्जंट शनिवार-रविवार गॅरेजमध्ये उभा राहिला. अल्बॉन अकरावा आला, एकही गुण नाही. त्या वीकेंडला स्टॉपवॉचने सार्जंटबद्दल काय सांगितलं? काहीच नाही, कारण तो चाललाच नाही. मधल्या आणि शेवटच्या फळीत हे असं असतं. नवा फ्रंट विंग एकच तयार होतो तेव्हा तो एकाच गाडीला लागतो आणि दुसऱ्याचा टीममेटशी हिशोब तिथेच वाकडा होतो.

तुमचा नियम खरा धरून हुल्केनबर्गकडे येऊ. नोव्हेंबर 2010, ब्राझीलमधलं इंटरलागोस. पहिलाच सीझन, विल्यम्सची गाडी, मागे कॉसवर्थचं इंजिन. पाऊस थांबलेला, ट्रॅक सुकत आलेला, कुठे ओल आहे कुठे नाही ते फक्त चालवणाऱ्याला कळतंय. क्यू-3 च्या शेवटी त्याने स्लिक (कोरड्या ट्रॅकच्या) टायरवर 1:14.470 लावला. दुसरा आलेला वेटेल 1.049 सेकंद मागे. दशांश नाही हो, पूर्ण सेकंदाच्या वर, आणि वेटेल आठवड्याभरात विश्वविजेता होणार होता. स्टॉपवॉच याहून स्पष्ट काय बोलणार? तुमच्या म्हणण्याप्रमाणे मग दारात रांग लागायला हवी होती. प्रत्यक्षात विल्यम्सने 2011 साठी ती सीट माल्डोनाडोला दिली. तोही जीपी-2 चा (फॉर्म्युला वनच्या खालच्या मालिकेचा) विजेता होता हे खरं, पण त्याच्यामागे व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा पैसा होता. 2011 मध्ये हुल्केनबर्ग फोर्स इंडियाचा राखीव, शुक्रवारच्या सरावापुरता गाडीत. पैशाबद्दल मी लिहिलं नाही म्हणता ना, हे घ्या.

एका लॅपने काय सिद्ध होतं, म्हणाल. चला, पुढचं बघू. 7 सप्टेंबर 2013, मोंझा. सॉबरसारख्या गाडीत क्वालिफायिंगला तिसरा, रेसमध्ये पाचवा. बुधवारी, 11 तारखेला, फेरारीने 2014 साठी रायकोनेनचं नाव जाहीर केलं. त्या वर्षीच्या शेवटी लोटसने माल्डोनाडो घेतला आणि हुल्केनबर्ग परत फोर्स इंडियात. त्याची उंची 184 सेंटिमीटर, हाही मुद्दा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याचा नाही. 2018 पर्यंत किमान वजन गाडी आणि ड्रायव्हर मिळून मोजलं जायचं. ड्रायव्हर दहा किलो हलका असेल तर टीमला ते दहा किलो टंगस्टनच्या रूपात फ्लोअरला, अगदी खाली, हवं तिथे लावता यायचं. 2014 ला हायब्रिड इंजिनं आल्यावर बऱ्याच गाड्या किमान वजनाच्या वरच होत्या, मग उंच माणसाचा प्रत्येक किलो सरळ वेळेत मोजला जायचा. 2019 पासून ड्रायव्हर आणि त्याची सीट मिळून किमान 80 किलो ठरले, 2025 ला ते 82 केले. नियम बदलायला लागला म्हणजे आधी अन्याय होता ना?

जुलै 2025, सिल्व्हरस्टोन, पाऊस. सॉबरमधून एकोणिसाव्या जागेवरून सुरुवात, तिसरा आला, मागे चौथा हॅमिल्टन, फेरारीत. त्याची ती 239वी रेस होती. ज्याला तुम्ही ‘पंधरा वर्षांत एक पोडियम’ म्हणून उडवून लावता, तो हा.

आता मूळ गोष्ट, जी तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही: सीटा किती असतात? 2025 ला 10 टीम, 20 सीटा. जिंकण्याची गाडी फार तर चार टीमांकडे, म्हणजे आठ सीटा. त्यांवर बसलेले बहुतेक जण दोन-तीन वर्षांच्या करारात, करार जिनिव्हातल्या कॉन्ट्रॅक्ट रेकग्निशन बोर्डाकडे नोंदवलेले. 2022 मध्ये पियास्ट्रीवरून अल्पीन आणि मॅक्लारेन यांच्यात वाद झाला तेव्हा निकाल तिथूनच आला. त्यामुळे दर वर्षी वर खरी रिकामी जागा एखाद-दुसरीच असते, आणि ती कुठल्या आठवड्यात रिकामी होईल ते खालच्याच्या हातात नसतं.

साइन्झचं बघा. 1 फेब्रुवारी 2024 ला फेरारीने हॅमिल्टनचं नाव जाहीर केलं, साइन्झची सीट गेली. तेव्हा सीझनची पहिली रेससुद्धा झाली नव्हती. मग त्याने काय केलं? अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी मेलबर्न जिंकलं (वर सांगितलेला तोच रविवार). ऑक्टोबरात मेक्सिको जिंकलं. एक रेस हुकूनही 290 गुण, पाचवा. त्याच वर्षी रेड बुलमध्ये पेरेझ 152 गुणांवर आठवा. जूनमध्ये रेड बुलने पेरेझचा करार वाढवला. मर्सिडीजने हॅमिल्टनच्या जागी स्वतःच्या ज्युनिअर प्रोग्रॅममधला अँटोनेली घेतला. साइन्झ विल्यम्समध्ये. मॅक्लारेनमध्ये असताना 2019 ला 96 विरुद्ध 49 आणि 2020 ला 105 विरुद्ध 97 अशा गुणांनी त्याने ज्याला मागे टाकलं तो नॉरिस 2025 चा विश्वविजेता आहे. त्याच्यापुढे तुम्ही लक्लेरचं क्वालिफायिंग आणता. लक्लेर एका लॅपवर जगातल्या सर्वोत्तम दोन-तिघांत आहे, त्याच्या मागे राहणं हा गुन्हा नाही. 2021 ला गुणांत साइन्झ 164.5 आणि लक्लेर 159. बस, त्यावर अजून काही लिहीत नाही.

‘पेरेझला बघा, सीट मिळालीच ना!’ असंही तुम्ही लिहिलं आहे. मिळाली. पण कशी? 2020 च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या टीमने, रेसिंग पॉइंटने, वेटेलला घ्यायचं ठरवलं, पेरेझचा करार 2022 पर्यंत असताना. डिसेंबरात बहरीनमधल्या साखीरला तो पहिल्याच लॅपमध्ये धडकेनंतर शेवटी पडला आणि तिथून रेस जिंकला, 190व्या रेसमध्ये पहिला विजय. तेव्हाही हातात पुढच्या वर्षीची सीट नव्हती. रेड बुलकडे जागा निघाली, कारण अल्बॉन मागे पडला होता आणि त्यांच्या ज्युनिअर प्रोग्रॅममध्ये त्या वेळी तयार माणूस नव्हता. बोटासचंही तसंच. रोझबर्गने विश्वविजेता झाल्यावर पाच दिवसांत निवृत्ती जाहीर केली नसती तर 2017 ला मर्सिडीजमध्ये जागाच नव्हती. त्या जागेवर बोटासने दहा रेसेस जिंकल्या. रोझबर्ग आणखी एक वर्ष थांबला असता तर याच माणसाबद्दल तुम्ही ‘विल्यम्सपुरताच होता’ म्हणाला असता.

आणि सीट मिळाली की प्रश्न सुटला असंही नाही. रेड बुलची गाडी वर्षानुवर्षं पुढच्या टोकाला अतिशय तिखट (चटकन वळणारी) आणि मागे सैल (घसरणारी) राहत आली आहे. तिथल्या व्हर्स्टापेनला तेच हवं असतं. वळणात शिरताना मागचा भाग स्थिर हवा असलेला ड्रायव्हर तिथे आधी ब्रेक मारतो, स्टिअरिंग हळू वळवतो, आणि प्रत्येक वळणावर थोडं थोडं गमावतो. सेटअप बदलून मागचं टोक बांधलं की गाडीचा मूळ वेग जातो. शिकायला वेळ? 2025 ला सीझनपूर्व टेस्टिंग तीन दिवस, तेही दोघांत वाटून, म्हणजे माणशी दीड दिवस. 2009 च्या आधी सीझन चालू असतानाही हजारो किलोमीटर टेस्टिंग करता यायचं, ते बंद झालं. म्हणून गॅसली 12 रेसेसनंतर खाली, आणि वर्षभराने रेड बुलच्याच दुसऱ्या टीममधून, अल्फाटाउरीतून, मोंझाचा विजेता. लॉसनला 2025 मध्ये रेड बुलमध्ये दोन रेसेस मिळाल्या. दोन! गॅसलीचं टॅलेंट रेड बुलमध्ये गेलं आणि मोंझाला परत आलं, असं तुमचं म्हणणं आहे का?

आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. पद्माकर शिवलकरांच्या प्रथम श्रेणीत 589 विकेट्स, राजिंदर गोयल यांच्या एकट्या रणजीत 637. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघांनाही एक कसोटी मिळाली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते आणि जागा एकच होती. शिवलकरांना कुणी ‘हरलेला’ म्हणून दाखवावं, मग माझ्या लेखाला रडगाणं म्हणावं.

हुल्केनबर्गच्या हातून संधी गेली ते 2019 चं हॉकेनहाइम आणि 2017 चं बाकू मला माहीत आहे, तो विषय वेगळा आहे, इथे वाढवत नाही. पैसे आणणाऱ्या ड्रायव्हरांवर स्वतंत्र लिहायचं आधीच ठरलं होतं, तुमच्या सूचनेमुळे नव्हे. पुढे असहमत असाल तर जरूर लिहा, आकडे घेऊन लिहा, उत्तर देईन. गाव आणि कूलर काढलात तर मात्र प्रतिक्रिया छापणार नाही.

मूळ लेखात ल मांची ती एक ओळ बदलली आहे. बाकी एकही शब्द बदललेला नाही.