व्हॅटिकन म्हणजे वाटिका नव्हे

पुतणीच्या नववीच्या संस्कृत प्रकल्पात पहिल्याच पानावर वाक्य आहे: 'व्हॅटिकन हा शब्द वाटिका या संस्कृत शब्दावरून आला, तिथे ऋषींचा आश्रम होता.' कुठून घेतलंस विचारलं, तर तिच्या आत्याने, म्हणजे माझ्या ताईने, घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. जगभरच्या नावांचं मूळ संस्कृतात शोधणारे लेखक पु. ना. ओक, त्यांच्यापासून हे फिरतंय. आता मुलांच्या वहीत उतरायला लागलं, म्हणून लिहितोय.

मूळ लॅटिन शब्द 'वातिकानुस'. त्यातला 'आनुस' हा विशेषण करणारा प्रत्यय. रोमा, रोमानुस; आफ्रिका, आफ्रिकानुस. आपण कोल्हापूरचं कोल्हापुरी करतो, तसंच. विशेषण असल्याने ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: टेकडी 'मोन्स वातिकानुस', नगर मात्र 'किवितास वातिकाना'. मेसेजात शेवटचा 'न' अपभ्रंश म्हणून सोडून दिलाय. तो या प्रत्ययातलाच आहे.

प्रत्यय काढला की उरतं 'वातिक'. त्याचा अर्थ खुद्द रोमनांनाही नीट ठाऊक नव्हता. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक आउलुस गेल्लिउस दोन मतं देतो. एक, तिथे होणाऱ्या भविष्यवाण्यांवरून, म्हणजे 'वातिकिनिया'वरून. दुसरं त्याच्या आधीच्या वार्रो या रोमन पंडिताचं: वातिकानुस हा माणसाच्या वाचेचा आरंभ करणारा देव, कारण जन्मलेलं मूल पहिल्यांदा रडतं ते या नावाच्या पहिल्या अक्षराने, 'वा'. मूळ एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या इटलीतल्या एका भाषेतलं असावं, असंही अनेक अभ्यासक मानतात. बागेचं नाव कोणीच काढत नाही. मार्शल हा कवी तर म्हणतो, व्हॅटिकनची वाइन पितोस म्हणजे विष पितोस.

वाटिकेचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. प्राकृतातून येताना 'ट'चा 'ड' झाला आणि वाडी झाली. सावंतवाडी म्हणताना आपण तोच शब्द उच्चारतो. तो रोमच्या टायबर नदीकाठी पोचल्याचा मधला एक तरी टप्पा दाखवा!

मेसेजातले बाकीचे मुद्दे थोडक्यात. पोप म्हणजे 'पाप-ह', पाप हरणारा, नाही. ग्रीक 'पाप्पास', लेकरांच्या तोंडचा 'बाबा'. आणि शिवलिंगाच्या आकाराचा म्हणतात तो व्हॅटिकनमधला सेंट पीटर्स चौक इटालियन वास्तुकार बेर्निनीने आखला, काम सुरू झालं 1656 मध्ये.

संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या, एवढं खरं. सप्त–सेप्तेम, अग्नि–इग्निस ही नाती पक्की आहेत. पण ती ध्वनींच्या नियमांनी जुळतात, नुसत्या कानाला सारखं वाटलं म्हणून नव्हे.

प्रकल्प सोमवारी द्यायचाय. ते पान काढून पुतणीने या जोड्यांचा तक्ता करायला घेतलाय. ताईला फोन मी करतो.