मुंग्या, हळद आणि माझी तीन महिन्यांची शुगर

मुंग्या पहिल्यांदा दिसल्या त्या बाथरूममध्ये आणि तिथेच सगळा घोळ झाला. ओट्यावर दिसल्या असत्या तर कुणी मनावरही घेतलं नसतं, पुण्यात जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की आमच्याकडे त्या येतातच, बिळात पाणी शिरल्यावर त्यांनी तरी कुठे जायचं. पण बाथरूममध्ये गोड काय असतं? हा प्रश्न दुसरं कुणी विचारायच्या आत मीच मोठ्याने म्हणालो, "साबणाला लागल्या असतील," आणि मगभर पाणी ओतून मोकळा झालो. पाच मिनिटांत रांग परत हजर.

रांगेचा रूट असा. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून आत, गीझरच्या पाइपवरून खाली, नळाला वळसा, टाइल्सच्या फटीतून चौकटीखाली, तिथून पॅसेजच्या स्कर्टिंगला धरून सरळ आणि पुढचं मी कुणाला बघू दिलं नाही. कारण पुढे शू-रॅक आहे. शू-रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माझ्या ट्रेकिंगच्या बुटांचा खोका आहे. त्यात बूट नाहीत. 2019 ला राजगड उतरताना त्यांचा सोल सुटला तेव्हा ते तिथेच गुंजवण्यात टाकून चपलेवर घरी आलो होतो, हे मी आणि आता तुम्ही सोडून कुणाला माहीत नाही. खोक्यात सातारचे कंदी पेढे होते. अर्धा किलो आणले होते, पाव किलो उरले होते.

ऑफिसातला एक जण गावाला जाऊन आला, त्याने दिले. नाही कसं म्हणणार? माझी तीन महिन्यांची शुगर, म्हणजे ती सरासरी सांगणारी HbA1c टेस्ट, गेल्या वेळी 6.0 टक्के आली होती, 5.7 ते 6.4 म्हणजे अजून डायबेटिस नाही पण वेशीवर येऊन उभे आहात असं डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवसापासून बायकोने चहातली साखरसुद्धा काढली. बरं, पेढे फेकून द्यायचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला. पण कंदी पेढा आहे हो, खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, वरून जरा कोरडा आणि आत दाणेदार, असा पेढा कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात धजेना. दुसरीकडे हलवावा तर पॅसेजमध्ये आई कायम खुर्ची टाकून बसलेली, तिथे वारं छान येतं म्हणे. म्हणजे आता पेढे ठेवून मुंग्या घालवायच्या होत्या.

बायकोने फॅमिली ग्रुपवर मुंग्यांचा फोटो टाकला. माझ्या प्रमोशनला नुसता अंगठा दाखवणाऱ्या मावश्यांनी अर्ध्या तासात अकरा उपाय पाठवले, शिवाय एक व्हॉइस नोट चार मिनिटांची. मी उत्साहाने म्हटलं, मी करतो सगळं. बायको माझ्याकडे बघतच राहिली, कारण या घरात मी बल्ब बदलायलाही दोन रविवार घेतो.

पहिला उपाय हळद. चौकटीपाशी हळदीची रेघ ओढली, मुंग्या रेघेशी थबकल्या, पुढच्या दोघी मागे फिरल्या, मागच्यांना डोकं लावून काहीतरी सांगितलं, मी म्हटलं जिंकलो. दुपारी बघतो तर रेघेच्या खालून, टाइल्सच्या फटीतून वाहतूक सुरळीत चालू. वर संध्याकाळी कुणीतरी ओल्या पायाने रेघेवरून गेलं आणि बाथरूमपासून बेडरूमपर्यंत पिवळी पावलं उमटली, शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, काय, कुणाचं जमलं का?

मग हिंग. अख्खी डबी फटीत कोंबली. या वेळी मुंग्या पळाल्या नाहीत, उलट दोन-तीन जणी तिथेच रेंगाळल्या. डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तेव्हा कळलं, बांधानी हिंगात हिंगापेक्षा पीठ आणि डिंकच जास्त असतो. मी त्यांना वाटेत नाश्त्याची सोय करून दिली होती.

दालचिनी, लिंबू, कापूर यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, बाथरूमला दोन दिवस चहा, सरबत आणि आरती असा एकत्र वास येत होता एवढंच. व्हिनेगरचं पाणी मात्र खरंच चाललं. अकरावीतली लेक म्हणाली, "बाबा, त्या डोळ्यांनी रस्ता शोधत नाहीत, जिला खाऊ सापडतो ती परत जाताना वास सोडत जाते, त्या वासावर बाकीच्या येतात. तुम्ही वास पुसलात." म्हटलं अरे वा, पुसला ना लेकाचा! सकाळी पुसला, संध्याकाळपर्यंत एकीने नवीन रस्ता आखला. खाऊ जागेवरच होता ना.

शेवटी बोरिक पावडर, कॅरमवाली. साखरेच्या पाण्यात जराशी कालवून कापसाचा बोळा भिजवायचा आणि रांगेशेजारी ठेवायचा. मुंगी त्याने लगेच मरत नाही, ते पोटात भरून घरी नेते, तोंडातून तोंडात दुसरीला देते, असं करत करत राणीपर्यंत पोचतं. योजना मला फार आवडली. पण चार-पाच जणी बोळ्यावर आल्या, चव घेतली आणि पुढे चालू लागल्या. लेक म्हणाली, "हे तेव्हाच चालतं जेव्हा जवळपास दुसरं काही गोड नसतं." मग थांबून म्हणाली, "आहे का बाबा दुसरं काही?"

मी नळ सोडला आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं.

आता आईचं वेगळंच. मुंगीला मारायचं नाही हा तिचा नियम, त्यामुळे मी आत बोळे ठेवतोय आणि ती बाल्कनीत तुळशीच्या कुंडीपाशी चिमूटभर रवा-साखर घालतीये, "बाहेर पोट भरलं की आत येणार नाहीत." पण तिच्या डोक्यात खरं दुसरंच चाललं होतं. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांचं असंच कळलं होतं. मोरीत मुंग्या जमायला लागल्या आणि मग डॉक्टरकडे नेलं." पानावर शांतता. हे आईचं मनचं नाही बरं का, चरकसंहितेतसुद्धा प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगाच्या, आधीच्या लक्षणांमध्ये लघवीकडे मुंग्या येतात असं दिलंय. बायकोने मला दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये नेऊन बसवलं.

रिपोर्ट 6.3.

आईचा चेहरा मी विसरणार नाही, मुलगा वेशीवरून गावात शिरतोय याचं दुःख होतंच पण आपलं निदान बरोबर आलं याचं समाधान त्याहून थोडंसं जास्त होतं. मला तर सुटल्यासारखं वाटलं. मुंग्या माझ्या शुगरला येतात म्हटल्यावर शू-रॅकपर्यंत कोण जाणार! पण डॉक्टरांनी घात केला. ते हसून म्हणाले, "छे हो, लघवीत साखर उतरायला रक्तातली साखर साधारण 180 च्या वर जावी लागते, तुमची तेवढी नाही. मुंग्या यांच्यासाठी येत नाहीत."

"मग कशासाठी येतात?" बायको म्हणाली. डॉक्टरांना नाही, मला.

त्या रात्री दीड वाजता मोबाईलच्या उजेडात खोका उघडला. नऊ पेढे होते. वरून अगदी शाबूत, पण उचलला की हलका, खालून टोकरून टोकरून वाटीसारखा केलेला, आणि आत मुंग्यांची लगबग. आठ पिशवीत घालून पिशवीला तीन गाठी मारल्या आणि खाली सोसायटीच्या डब्यात टाकून आलो, वॉचमनने विचारलं काय साहेब एवढ्या रात्री, म्हटलं उंदीर मेला. नववा जरा बरा होता. झटकला, फुंकला आणि जिन्यातच खाल्ला. एखादी मुंगी गेली असेल पोटात, मुंगी खाल्ली की डोळे चांगले होतात असं लहानपणी आईच सांगायची.

वर येऊन शू-रॅक आणि स्कर्टिंग व्हिनेगरने पुसून काढलं. दोन दिवसांत रांग संपली. ग्रुपवर बायकोने लिहिलं दालचिनीने गेल्या, आई म्हणाली कापूर, चार मिनिटांच्या व्हॉइस नोटवाल्या मावशींनी श्रेय आधीच घेतलं होतं. मी काही बोललो नाही.

रविवारी लेक बाहेर निघाली, शू-रॅकपाशी वाकून सँडल काढता काढता म्हणाली, "बाबा, पाचशे रुपये द्या ना."

"कशाला?"

"असंच. तुमच्या ट्रेकिंगच्या बुटांना वेलचीचा वास का येतो ते आजीला विचारणार होते, पण राहू दे."