मुलीचा खो-खो बंद केला नाही
एका लेखात म्हटलंय की गुडघ्याच्या दुखापती बघता मुलांना कबड्डी-खो-खो खेळवूच नये, हे मला अजिबात पटलं नाही. माझी मुलगी खो-खो खेळते. दोन वर्षांपूर्वी सूर मारताना हातावर पडली, मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं, आणि घरात सगळे माझ्या मागे लागले की बास आता, बंद कर हे. मी पण घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण प्लास्टर काढल्यावर तो हात बारीक पडलेला, पांढरट, सालं निघालेली, आणि ही बाई त्याच हाताने शूजच्या लेस बांधत बसलेली, मग काय बोलणार!

आणि घरात बसून सगळं सेफ असतं का? माझ्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्या कुठे मॅच खेळत होत्या. रोज कर्वे रोडवरून स्कूटरवर जातो तेव्हा आपण रिस्क घेतोच की, फक्त हेल्मेट घालून.

काळजी घ्याच. वॉर्मअप, चांगली मॅट, दुखत असेल तर विश्रांती, यात कोचने अजिबात ढिलाई करू नये. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूज मानेजवळ बॉल लागून वारला, त्यानंतर हेल्मेटला मागे गार्ड आले, क्रिकेट काही बंद नाही झालं. परवा हिने परत गुडघा खरचटून आणला, मी हळद लावली आणि पाच वाजता ग्राउंडवर सोडून आले.